गाईच्या प्रयोगशाळेतल्या भ्रूणात कोणतं जनुक कधी जागं होतं, हे मोजताना

‘आठ पेशींच्या भ्रूणात हे जनुक वीसपट वाढलं,’ असा आलेख घेऊन कुणी आलं की मी आधी विचारतो, भ्रूण कितव्या तासाला उचलला? बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘तिसऱ्या दिवशी.’ तिसऱ्या दिवसाला चोवीस तास असतात आणि त्यात गाईचा भ्रूण पुरता बदलून जातो. क्यूपीसीआर मशीन ठीक असतं, प्रायमर (मोजायच्या जनुकाला चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे) ठीक असतात, आकडाही खरा असतो. तो कशाचा आकडा आहे, हेच कळत नाही.

सातारा-सांगलीत ओपीयू (जिवंत गाईच्या अंडाशयातून सुईने अंडपेशी काढणं) आणि आयव्हीएफचं (प्रयोगशाळेतल्या फलनाचं) काम आता बऱ्याच गोठ्यांपर्यंत पोचलंय, आणि पशुवैद्यकाचे पदव्युत्तर विद्यार्थी या भ्रूणांवर जनुकांचं काम हौसेने घेतात. त्यांच्या वह्या पाहताना त्याच चार-पाच चुका पुन्हा पुन्हा दिसतात, म्हणून ही कृती क्रमाने लिहितो आहे. भ्रूण तयार करण्याची संपूर्ण पद्धत इथे नाही. ती येते असं धरलंय. मोजणी जिथे बिघडते त्या जागांवरच भर आहे.

एक गोष्ट आधी पक्की करा. सुरुवातीचे काही दिवस गाईचा भ्रूण आईने अंडपेशीत साठवून ठेवलेल्या आरएनएवर, म्हणजे जनुकांवरून उतरवलेल्या संदेशांवर, चालतो. दोन-चार पेशींच्या टप्प्यावर त्याची स्वतःची जनुकं किंचित कुरकुर करतात, पण खरी जाग येते ती आठ ते सोळा पेशींच्या दरम्यान. उंदरात ही जाग दोन पेशींनाच येते, त्यामुळे उंदरावरच्या लेखातलं वेळापत्रक गाईला लावलं की सगळंच घसरतं.

## टप्पा १ : कागदावर घड्याळ मांडा

शुक्राणू अंडपेशींसोबत सोडले तो शून्य तास. तिथून पुढचं सगळं तासांत लिहायचं, दिवसांत नाही. नेहमीच्या कल्चरमध्ये (प्रयोगशाळेतल्या माध्यमात वाढवताना) साधारण असं दिसतं: २ पेशी २८ ते ३३ तासांना, ४ पेशी ४० ते ४४ तासांना, ८ पेशी ५४ ते ६४ तासांना, १६ पेशी ८० ते ९६ तासांना. पाचव्या-सहाव्या दिवशी मोरुला (पेशींचा घट्ट गोळा) आणि १६८ तासांच्या आसपास ब्लास्टोसिस्ट (आतून पोकळ झालेला भ्रूण). तुमच्या माध्यमात, तुमच्या वळूच्या रेताने यात थोडा फरक पडेल. म्हणून एक बॅच नुसती पाहण्यासाठी घालवा, आपल्या खिडक्या ठरवा आणि मग त्या प्रयोगभर बदलू नका.

आता उलटं मोजा. मंगळवारी संध्याकाळी ४ वाजता शुक्राणू सोडले तर ६० तास भरतात शुक्रवारी पहाटे ४ वाजता. त्या वेळी कुणी लॅबमध्ये नसतं. मग भ्रूण सकाळी ९ ला उचलले जातात आणि वहीत ‘६० तास’ लिहिलं जातं. त्यापेक्षा मंगळवारी दुपारी १२ वाजता सोडा. मग ३२ तास बुधवारी रात्री ८ ला, ४२ तास गुरुवारी सकाळी ६ ला, ५८ तास गुरुवारी रात्री १० ला आणि १६८ तास पुढच्या मंगळवारी दुपारी १२ ला भरतात. हे माणसाला झेपतं.

तपासा: अंडपेशी पक्व व्हायला २२ ते २४ तास लागतात. मंगळवारी दुपारी १२ ला रेतन (शुक्राणू सोडणं) हवं असेल तर सोमवारी दुपारी १ च्या सुमाराला अंडपेशी पक्वतेच्या माध्यमात गेलेल्या हव्यात. म्हणजे ओपीयू सोमवारी सकाळीच उरकायचं.

## टप्पा २ : अंडपेशी कुठून आणि कशा येतात

राज्यात गोवंश हत्याबंदी असल्याने गाईची अंडाशयं कत्तलखान्यातून मिळत नाहीत, म्हशीची मिळतात. त्यामुळे हात बसवायला विद्यार्थी म्हशीच्या अंडपेशी वापरतात, ते योग्यच आहे. चूक पुढे होते: म्हशीवर ठरवलेल्या वेळा आणि प्रायमर तसेच गाईला लावले जातात. दोघींची जनुकं जवळची आहेत, तरी प्रायमरच्या टोकाला एका अक्षराचा फरक पडला तरी मोजणी बिघडते. गाईवर काम करायचं तर वेळा आणि प्रायमर गाईवरच तपासून घ्या.

गाईच्या अंडपेशी जिवंत दात्या गाईकडून ओपीयूनेच येणार. मग दाता कोण, हे नोंदवावंच लागतं. एका बॅचमध्ये दोन संकरित होलस्टीन, पुढच्या बॅचमध्ये एक खिलार, अशी भेसळ करून निकाल एकत्र केला तर शेवटी तुलना टप्प्यांची होते की गाईंची, ते सांगता येत नाही. वळू एकच ठेवा, त्याच्या गोठवलेल्या रेताच्या कांड्याही एकाच बॅचच्या घ्या. संपूर्ण प्रयोगाला पुरतील इतक्या कांड्या पहिल्याच दिवशी बाजूला काढून लिक्विड नायट्रोजनच्या नळकांड्यात वेगळ्या ठेवा. संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची परवानगी पहिल्या ओपीयूच्या आधी हातात असू द्या.

आता प्रवास. आटपाडी किंवा खानापूर तालुक्यातल्या गोठ्यावरून निघून कराडमार्गे हायवेने वर यायचं, आणि खंबाटकी घाटाच्या पलीकडे जायचं असेल तर तिथे वाहतूक अडू शकते हे धरूनच चालायचं. अंडपेशी गोठ्यावरच पक्वतेच्या माध्यमात घालून ३८.५ अंशांच्या पोर्टेबल इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या असतील, तर घड्याळ गोठ्यावरच सुरू झालं. लॅबमध्ये पोचल्याची वेळ लिहू नका.

सावधान: एप्रिल-मे महिन्यात पोर्टेबल इन्क्युबेटर गाडीच्या डिकीत ठेवू नका. या यंत्राला गरम करता येतं, बहुतेकांना थंड करता येत नाही. पक्व होत असताना अंडपेशींना ४१ अंशांचा चटका बसला तर पुढे त्यांची वाढ घटते. पेटी माणसांसोबत पुढे ठेवा आणि आत एक स्वतंत्र थर्मामीटर ठेवा.

## टप्पा ३ : कल्चरमध्ये काय बदलू द्यायचं नाही

तापमान ३८.५, कार्बन डायऑक्साइड ५ टक्के, ऑक्सिजन ५ टक्के, बाकी नायट्रोजन. ऑक्सिजनचं बंधन बरेच जण सोडून देतात, कारण हवेतल्या २० टक्क्यांवरही ब्लास्टोसिस्ट मिळतात. मिळतात, पण त्यांच्यातली ताणाची जनुकं वेगळी वागतात. अर्ध्या बॅच ५ टक्क्यांवर आणि सिलिंडर संपला म्हणून उरलेल्या २० टक्क्यांवर केल्या, तर त्या दोन गटांना एकत्र करता येणार नाही. सीरम घातलेलं आणि न घातलेलं माध्यम, खनिज तेलाची वेगळी बाटली, एका थेंबातल्या भ्रूणांची संख्या यांचंही तसंच. ओपीयूत कधी बारा अंडपेशी येतात तर कधी चार. पन्नास मायक्रोलिटरच्या थेंबात पंचवीस भ्रूण आणि त्याच मापाच्या थेंबात चार भ्रूण हे वेगळं वातावरण आहे. संख्या कमी असेल तर थेंब लहान करा, म्हणजे भ्रूणामागे माध्यमाचं प्रमाण सारखं राहील.

तपासा: प्रत्येक बॅचमधले काही भ्रूण न उचलता ब्लास्टोसिस्टपर्यंत जाऊ द्या. ते तुमचे साक्षीदार. नेहमी शंभरातल्या तीस अंडपेशी ब्लास्टोसिस्ट होत असतील आणि या वेळी आठच झाल्या, तर त्या बॅचमधून आधी उचललेले २, ४, ८ पेशींचे भ्रूणही वगळा. जीव तुटतो, आठवड्याचं काम जातं, तरी वगळा.

## टप्पा ४ : भ्रूण उचलणं

सगळ्यात महाग चूक इथे होते.

गाईचे बरेच भ्रूण आठ पेशींशी येऊन अडकतात, कारण आईची शिदोरी संपत आलेली असते आणि स्वतःची चूल पेटलेली नसते. असा अडकलेला भ्रूण पाचव्या दिवशीही आठ पेशींचाच दिसतो. विद्यार्थ्याला आठ पेशींचे दहा भ्रूण हवे असतात आणि हाती सात असतात. मग पाचव्या दिवशी थेंबात उरलेले तीन उचलून दहाचा आकडा पुरा केला जातो. ते तीन मरणाच्या वाटेवरचे आहेत. त्यांच्यात जागी झालेली जनुकं विकासाची नसून नाशाची असू शकतात, आणि सातांच्या चांगल्या निकालात ती मिसळून जातात.

नियम साधा ठेवा: पेशींची संख्या आणि तास, दोन्ही जुळले तरच उचला. ५८ तासांना चार पेशींचा भ्रूण मागे पडलेला आहे, तो सोडा. २ पेशींचा गट उचलून झाला की त्या थेंबातले मागे राहिलेले भ्रूण वेगळे करा, म्हणजे पुढच्या टप्प्यात ते घुसणार नाहीत.

आठ पेशी आणि चार पेशी-अधिक-तुकडे यांत डोळा फसतो. सुरुवातीला प्रत्येक गटातले दोन-तीन भ्रूण होएश्ट रंगाने रंगवून अतिनील प्रकाशाखाली केंद्रकं मोजा. ज्या गोळ्याला केंद्रक नाही ती पेशी नव्हे. पाच-सहा बॅच असं केलं की साध्या स्टिरिओखालीही नजर बसते.

ब्लास्टोसिस्टला आणखी एक सापळा आहे. प्रयोगशाळेत नर भ्रूण बऱ्याचदा मादीपेक्षा लवकर वाढतात. सर्वांत आधी तयार झालेले ब्लास्टोसिस्ट ‘उत्तम’ म्हणून उचलले, तर नकळत नरांचा गट तयार होतो. जी६पीडीसारखी एक्स गुणसूत्रावरची काही जनुकं मादी भ्रूणात जास्त बोलतात, त्यामुळे फरक दिसतो तो कल्चरचा नसून लिंगाचा असू शकतो. सेक्स्ड सीमेन (नर-मादी शुक्राणू वेगळे केलेलं रेत) वापरलं तर हा प्रश्न बराचसा सुटतो. नाहीतर एक्सआयएसटी या जनुकाने गटात मादी भ्रूण आहेत का, ते तपासा.

## टप्पा ५ : भ्रूण उघडा करणं

मागे एका मालिकेत आमच्या २ पेशींच्या गटात एका जनुकाची पातळी ८ पेशींपेक्षा कितीतरी वर आली. सगळे खुश झाले, मीही. पुढच्या बॅचला भ्रूण ट्यूबमध्ये टाकण्याआधी भिंग वाढवून एकेक पाहिला. भ्रूणाभोवतीच्या पारदर्शक कवचावर, म्हणजे झोनावर, ज्वारीच्या दाण्याला तूस चिकटून राहावं तशा, तीन-चार क्युम्युलस पेशी (अंडपेशीभोवतीच्या आधारपेशी) चिकटलेल्या होत्या. धुतलं होतं, पण पुरेसं नाही. या पेशी शरीराच्या पूर्ण वाढलेल्या पेशी असतात, भरपूर आरएनए बनवतात. आम्ही भ्रूण म्हणून त्यांनाच मोजत होतो. ती संपूर्ण मालिका टाकावी लागली.

म्हणून क्रम असा:

१. रेतनानंतर १८ ते २० तासांनी क्युम्युलस पेशी व्हॉर्टेक्सने किंवा बारीक पिपेटने काढून टाका.

२. उचलण्याच्या वेळी झोनाच काढा, प्रोनेझने किंवा आम्ल टायरोड द्रावाने. झोना गेला की त्याला चिकटलेल्या पेशी आणि शुक्राणूही जातात. भिंगाखालून नजर हलवू नका. झोना विरघळताना दिसला की लगेच भ्रूण बाहेर काढा. चार-पाचच भ्रूण एका वेळी घ्या.

३. पीव्हीए (चिकटणं रोखणारं पॉलिमर) घातलेल्या स्वच्छ पीबीएसच्या (क्षारांच्या द्रावणाच्या) तीन थेंबांतून धुवा, दर थेंबाला नवीन पिपेट. पीव्हीए नसेल तर उघडा भ्रूण काचेला चिकटतो.

तपासा: शेवटच्या धुण्याचं पाणी, भ्रूण नसलेलं, तितक्याच मापाने वेगळ्या ट्यूबमध्ये घ्या आणि शेवटपर्यंत नमुन्यासारखंच चालवा. त्यात सिग्नल आला तर धुणं अपुरं आहे. शिवाय पीटीएक्स३ किंवा सीवायपी१९ए१ यांसारखं क्युम्युलस पेशींत जोरात चालणारं एक जनुक मोजणीच्या प्रत्येक प्लेटवर ठेवा.

## टप्पा ६ : ट्यूब आणि गोठवण

झोना काढल्यापासून ट्यूब गोठेपर्यंत पाच मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. लायसिस बफर (पेशी फोडणारं द्रावण) आधीच ट्यूबमध्ये भरून बर्फावर ठेवा. भ्रूण सोडताना सोबत येणारा द्रव एक-दोन मायक्रोलिटरपेक्षा जास्त नको, नाहीतर बफर पातळ होऊन आरएनए तोडणारी विकरं जिवंत राहतात. भ्रूण खरंच ट्यूबमध्ये गेला का, हे पाहायला पिपेट पुन्हा थेंबात रिकामी करून भिंगाखाली बघा. दहातला एक काचेतच राहिला तर तुमचे दहा म्हणजे नऊ, आणि पुढचा सगळा हिशेब भ्रूणांच्या संख्येवर आहे.

याच वेळी प्रत्येक ट्यूबमध्ये बाहेरचा खुणेचा आरएनए मोजून घाला. काजव्याच्या ल्युसिफरेज जनुकाचा चालतो, कारण गाईत ते जनुक नाही. भ्रूण दोन पेशींचा असो वा ब्लास्टोसिस्ट, खुणेचं माप तेच. मग लिक्विड नायट्रोजनमध्ये बुडवा आणि उणे ८० अंशांवर ठेवा.

सावधान: उणे ८० चा फ्रीझर इन्व्हर्टरवर चालेल असं गृहीत धरू नका. मेच्या वळवात लाईट दोन-तीन तास जाणं आपल्याकडे नवीन नाही. जनरेटर नसेल तर नमुने लिक्विड नायट्रोजनच्या नळकांड्यातच राहू द्या आणि पातळी दर आठवड्याला पट्टीने मोजा.

## टप्पा ७ : आरएनए ते सीडीएनए

एका भ्रूणात एकूण आरएनए असतो फार तर काही नॅनोग्रॅम. आठ पेशींच्या आसपास तर एका नॅनोग्रॅमच्याही खाली जातो. नॅनोड्रॉप या मोजणीयंत्रावर हे मोजू नका. जो आकडा दिसेल तो निरर्थक असेल आणि त्यावर ‘सगळ्या नमुन्यांत समान आरएनए घेतला’ असं लिहून मोकळं व्हायचा मोह होईल. तसं करणं मुळातच चूक आहे, कारण या काळात भ्रूणातला एकूण आरएनए आधी घटतो आणि मग वाढतो. समान आरएनए घेणं म्हणजे वेगवेगळ्या संख्येने भ्रूण घेणं. समान भ्रूण घ्या.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात कळकळीने सांगायची आहे. सीडीएनए (आरएनएवरून उतरवलेला डीएनए) करताना फक्त ऑलिगो-डीटी हा प्रायमर वापरू नका. आईने साठवलेल्या आरएनएपैकी पुष्कळांची ए-अक्षरांची शेपटी आखूड केलेली असते, आणि ऑलिगो-डीटी त्या शेपटीलाच धरतो. भ्रूण ती शेपटी नंतर लांबवतो. म्हणजे आरएनए तोच, नवीन काही बनलं नाही, तरी आलेखावर ‘वाढ’ दिसते. रँडम हेक्सामर (सहा अक्षरांचे मिश्र प्रायमर) शेपटीवर अवलंबून नसतात, तेच वापरा. किटमध्ये वाहक म्हणून पॉली-ए आरएनए असेल आणि तुम्ही ऑलिगो-डीटी वापरत असाल तर बिघाड दुप्पट, कारण तो वाहकच प्रायमर खातो.

डीएनेझची (सोबत आलेला डीएनए तोडणाऱ्या विकराची) पायरी गाळू नका. प्रत्येक नमुन्याचा थोडा भाग रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजशिवाय (सीडीएनए बनवणाऱ्या विकराशिवाय) चालवा. प्रायमर दोन एक्सॉनच्या (जनुकाच्या, संदेशात टिकणाऱ्या तुकड्यांच्या) सांध्यावर असतील तर उत्तम. सगळ्या टप्प्यांचे नमुने एकाच दिवशी, एकाच किटमधून करा. २ पेशी जूनमध्ये आणि ब्लास्टोसिस्ट दिवाळीनंतर असं नको.

हिशेब असा बसतो: दहा भ्रूणांचा आरएनए २० मायक्रोलिटर सीडीएनएत, तो १०० पर्यंत पातळ केला, प्लेटच्या प्रत्येक विहिरीत २ मायक्रोलिटर. म्हणजे विहिरीमागे फार तर ०.२ भ्रूण. तीन-तीन विहिरी धरल्या तर सोळा जनुकं बसतात. चाळीस जनुकांची यादी घेऊन येऊ नका.

## टप्पा ८ : जनुकं निवडणं आणि प्लेट लावणं

अभ्यासाचं जनुक कोणतंही असो, सोबत ओळखीची चार माणसं हवीत. जीडीएफ९ आईच्या साठ्यातलं, ते पुढे घटलं पाहिजे. ईआयएफ१एएक्स आठ पेशींना जागं होणारं. सीडीएक्स२ ब्लास्टोसिस्टच्या बाहेरच्या थराचं. आयएफएनटी, म्हणजे इंटरफेरॉन-टाऊ, ज्याने पुढे गाईच्या शरीराला गर्भ आहे अशी वर्दी जाते, तेही बाहेरच्या थराचं. ही चार अपेक्षेप्रमाणे वागली नाहीत तर तुमच्या जनुकाबद्दल काही बोलू नका. ऑक्ट४ बद्दल एक सूचना: गाईच्या ब्लास्टोसिस्टमध्ये ते बाहेरच्या थरातही सापडतं. उंदरासारखं ‘फक्त आतल्या पेशींचं’ म्हणून वापरू नका.

प्रायमरची कार्यक्षमता ९० ते ११० टक्क्यांत, मेल्ट कर्व्हला (तापवल्यावर डीएनए सुटण्याच्या आलेखाला) एकच शिखर, पाण्याची विहीर कोरी. सीटी, म्हणजे सिग्नल दिसायला लागलेल्या सायकलींचा आकडा (आरएनए जास्त तर सीटी कमी), ३५ च्या पुढे गेला तर तो आकडा आलेखात घेऊ नका. एकाच सीडीएनएच्या तीन विहिरी म्हणजे तीन पुनरावृत्ती नव्हेत. वेगवेगळ्या दिवशी वेगळ्या ओपीयूतून आलेले निदान तीन गट हवेत.

## टप्पा ९ : भागाकार कशाने करायचा

नुसतं जीएपीडीएच (स्थिर मानलं जाणारं संदर्भ-जनुक) घेऊन भागण्याची सवय पेशींच्या कल्चरमधून आली आहे. समजा, तुमच्या जनुकाचा सीटी २ पेशींना ३१.० आणि ८ पेशींना २८.५ आला. ल्युसिफरेजचा २४.० आणि २४.५. फरक ७.० आणि ४.०; म्हणजे तीन सायकल, आठपट वाढ. आता त्याच नमुन्यांत जीएपीडीएचचा सीटी २०.० वरून २२.० झाला असेल, कारण साठा वापरला गेला. त्याने भागलं तर फरक ११.० आणि ६.५, साडेचार सायकल, जवळजवळ तेवीसपट. जनुक तेच, भ्रूण तेच.

टप्प्यांची तुलना असेल तर बाहेरच्या खुणेने भागा. एकाच टप्प्यातल्या दोन गटांची तुलना असेल, उदाहरणार्थ दोन माध्यमांतले ब्लास्टोसिस्ट, तर वायडब्ल्यूएचएझेड, एसडीएचए आणि जीएपीडीएच या तीन संदर्भ-जनुकांची भौमितिक सरासरी घ्या, तीही आपल्या नमुन्यांत ती स्थिर आहेत हे पाहून.

तपासा: कुठल्या ट्यूबमध्ये ल्युसिफरेजचा सीटी बाकीच्यांपेक्षा एका सायकलहून जास्त सरकला असेल, तर त्या ट्यूबमध्ये आरएनए हरवला आहे किंवा काहीतरी अभिक्रियेला अडवतं आहे. ती ट्यूब गणितातून दुरुस्त करत बसू नका, बाजूला काढा.

## टप्पा १० : वाढ नवीन आहे का

आठपट वाढ दिसली म्हणून जनुक जागं झालं असं अजून म्हणता येत नाही. त्यासाठी भ्रूणांचा एक गट अल्फा-अमॅनिटिन घातलेल्या माध्यमात वाढवा. हे विष आरएनए पॉलिमरेज-दोनला अडवतं, त्यामुळे नवीन संदेश बनत नाहीत. त्या गटात तुमच्या जनुकाची वाढ नाहीशी झाली तर ती भ्रूणाची स्वतःची होती. वाढ तशीच राहिली तर पुन्हा टप्पा ७ वाचा. बहुधा शेपटीचा खेळ आहे. या गटातले भ्रूण आठ पेशींच्या आसपास थांबले पाहिजेत. एखादा ब्लास्टोसिस्ट झाला तर औषध निकामी आहे.

अमॅनिटिन माणसालाही घातक आहे, यकृत निकामी करतं. दुहेरी हातमोजे, वेगळं पिपेट, वेगळा कचरा, आणि तो थेंब असलेल्या डिशवर लाल पट्टी. त्या डिश शेजारच्या साध्या गटाच्या डिशसोबत एकाच ट्रेवर ठेवू नका.

वहीत शेवटी प्रत्येक ट्यूबसमोर एवढं लिहिलेलं असू द्या: दाता गाय, वळू आणि कांडीची बॅच, शून्य तासाची वेळ, उचलल्याची वेळ, भ्रूणांची मोजलेली संख्या, झोना काढला का, कोणी उचलला. ट्यूबवर पेन्सिलने किंवा नायट्रोजनमध्ये टिकणाऱ्या लेबलवर लिहा. साधा मार्कर अल्कोहोलच्या एका थेंबाने पुसला जातो, आणि बिननावाची ट्यूब उघडण्यात अर्थ नसतो.